बहिणाबाईंचे वासरू



आपल्या संप्रदायाचा आरंभ घरातच झाला, हे आपण विसरतो. पंढरीचा देव विटेवर उभा राहिला तो पुंडलिकाच्या दारात. पुंडलिक तेव्हा जपाला बसला नव्हता, यज्ञही करीत नव्हता. तो आईबापांची सेवा करीत होता. घरचे काम आटोपेपर्यंत देवाने थांबावे, हे ज्याच्या कथेत पहिल्याच पानावर आले, त्या पंथाला संसाराचे वावडे कसे असेल? नामदेवरायांच्या घरी चौदा माणसे आणि पंधरावी दासी जनी. त्यातल्या बहुतेकांच्या नावावर अभंग आहेत. आई गोणाई, पत्नी राजाई, मुले, सुना, सगळ्यांचे. चोखोबांच्या घरी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. तिथेही सारे घर बोलते. सावता महाराज अरणचा मळा सोडून गेले नाहीत. नाथमहाराजांच्या पैठणच्या वाड्यात गिरिजाबाई होत्या, लेकी होत्या, आणि बापाशी वाद घालून काशीला निघून गेलेला हरिपंडितही होता. तो परत आला ही गोष्ट आपण कीर्तनात सांगतो. गेला होता हेही सांगावे.

आणि ह्या घरांत नुसती माणसे नव्हती. नामदेवांच्या पोळीमागे कुत्रे आहे. नाथांच्या कावडीतल्या गंगाजलाचा पहिला घोट गाढवाला मिळाला. माउलींच्या चरित्रातल्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व रिंगणात धावतात, आणि माउलींचा रथ ओढायला आपली बैलजोडी लागावी म्हणून घराणी वर्षानुवर्षे वाट पाहतात. मुके जनावर आपल्या परंपरेत गोतावळ्यातलेच आहे.

पण ह्या सर्व कथांत मला एक कथा निराळी वाटते, आणि आज तिच्याविषयी लिहायचे आहे. संत बहिणाबाईंचे वासरू. निराळी अशासाठी की ही कथा त्यांच्या मागून कोणी चरित्रकाराने लिहिली नाही. त्या बाईने स्वतःच्या तोंडाने, अभंगांतून, आपल्या जगण्याची हकिकत सांगितली आहे. तिला आत्मनिवेदन म्हणतात. मराठीत एखाद्या स्त्रीने स्वतःच्या आयुष्याचा असा सलग वृत्तान्त सांगावा, ही साडेतीनशे वर्षांपूर्वी लहान गोष्ट नव्हती. 1929 साली जस्टिन ॲबट ह्या पाद्र्याने तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या लोकांनाही ती वाचता आली.

एक खुलासा आधीच करतो, कारण पोरांची नेहमी गल्लत होते. शाळेच्या पुस्तकात ज्यांच्या कविता असतात त्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी, त्यांचा काळ 1880 ते 1951. आपण ज्यांच्याविषयी बोलतो त्या शिऊरच्या बहिणाबाई, तुकोबांच्या शिष्या, जन्म 1628, देह ठेवला 1700 साली. संप्रदायाची इमारत कल्पून माउलींना पाया आणि तुकोबांना कळस म्हणणारे रूपक कीर्तनकारांच्या तोंडी रोज असते. ते ह्या बाईंचे.

त्यांचे माहेर वेरूळजवळचे देवगाव. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. वयाच्या तिसऱ्या वर्षी लग्न झाले. नवरा गंगाधरपंत पाठक, शिऊरचे, वेदपाठी, वय तिशीचे, आणि बिजवर. तीन वर्षे आणि तीस वर्षे! त्या काळी असे होत असे, म्हणून सोडून देऊ नका. पुढचे सगळे ह्या अंतरावर उभे आहे. पुढे भाऊबंदकी आणि कर्ज यांमुळे घर उठले. मुलगी, जावई, आईबाप असे सगळे रातोरात गाव सोडून निघाले. पंढरपूर झाले, शिखर शिंगणापूर झाले, रहिमतपूर झाले. वाटेत भिक्षा मागून दिवस काढले. शेवटी कोल्हापुरास एका वेदपाठी ब्राह्मणाच्या घरी त्यांना ओसरी मिळाली. तेव्हा बहिणा अकरा वर्षांची होती.

अकरा वर्षांच्या मुलीची स्थिती डोळ्यांसमोर आणा. गाव सुटलेले. सोबतच्या मैत्रिणी सुटलेल्या. भातुकलीच्या वयात ती बिऱ्हाड डोक्यावर घेऊन फिरलेली. नवरा बापाच्या वयाचा आणि रागीट. परक्याच्या घरी राहायचे, म्हणजे मोठ्याने हसायचेही नाही. अशा वेळी त्या यजमानाला कोणी एक कपिला गाय वासरासह दान दिली, आणि त्याने ती गंगाधरपंतांना देऊन टाकली. गरिबाच्या बिऱ्हाडात गाय आली. बहिणाबाई सांगतात की ते वासरू त्यांच्यामागे असे लागले की त्यांच्याच हातचा चारा खाई, त्यांच्याच हातचे पाणी पिई. त्या पाण्याला निघाल्या की मागे, पुराण ऐकायला बसल्या की शेजारी, रात्री निजल्या की जवळ. क्षणभर दिसेनाशा झाल्या की हंबरू लागे.

आपल्या कुहीकडच्या बायांना हे समजावून सांगायला नको. ज्या घरी गोठा आहे त्या घरची सून सकाळी पहिला शब्द गाईशी बोलते, माणसाशी नंतर. कुटार टाकता टाकता, ढेप भिजवता भिजवता ती जे बोलते ते सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगून उपयोग नसतो. वासरू मान खाजवून घेते आणि ऐकते. माझ्या आईला मी असेच पाहिले आहे. ती शेणाचा पोहा उचलताना हरिपाठ म्हणे, आणि मध्येच थांबून गाईला काही विचारी. हरिपाठात खंड पडला असे तिला कधी वाटले नाही.

कोल्हापुरात तेव्हा वडगावचे जयरामस्वामी आले होते. रामदास पंचायतनात ज्यांची गणना होते तेच हे. त्यांची कीर्तने चालू झाली. त्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग असत. बहिणा आईवडिलांबरोबर जाई, आणि वासरू तिच्याबरोबर. ते तिच्याजवळ उभे राहून ऐके, आणि शेवटी सारे नमस्काराला वाकले की तेही डोके जमिनीला टेकी, असे लोक कौतुकाने सांगू लागले. एका एकादशीला गर्दी फार झाली. जनावर कशाला आत, म्हणून कोणी वासराला बाहेर काढले. आत बहिणा रडू लागली, बाहेर वासरू ओरडू लागले. कीर्तन थांबायची वेळ आली. जयरामस्वामींनी विचारपूस केली आणि वासराला आत आणविले. ह्यालाही श्रवणाचा अधिकार आहे असे मानून त्यांनी वासराच्या आणि मुलीच्या, दोघांच्या अंगावरून हात फिरवला.

कीर्तनकार म्हणून मला ह्या प्रसंगात जयरामस्वामींचे मोठेपण फार वाटते. भर कीर्तनात रंग चढलेला असताना कोपऱ्यातल्या पोरीचे रडणे ऐकू येणे सोपे नाही. आपल्याकडे मंडपात कुत्रे शिरले तर आधी टाळकरीच उठतो.

आता इथपर्यंतची कथा सप्ताहात सगळे सांगतात. इथे श्रोते माना डोलावतात, बाया डोळ्यांना पदर लावतात, मृदंगावर थाप पडते आणि पुढची चाल सुरू होते. पुढचे कडवट आहे म्हणून ते गाळले जाते. बहिणाबाईंनी मात्र ते गाळलेले नाही.

गावात चर्चा झाली. स्वामींनी एका पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, लोक तिला पाहायला येऊ लागले. ही बातमी गंगाधरपंतांच्या कानी गेली. ते वेदपाठी. आपल्या विद्येने मान मिळवणारा माणूस. आपल्याला कोणी विचारीत नाही आणि अकरा वर्षांच्या बायकोला लोक नमस्कार करतात, हे त्यांना सोसले नाही. त्यांनी तिला मारले. थोडेथोडके नाही, मारून बांधून टाकले. आईबाप तिथेच होते. त्यांनी जावयाला समजावून पाहिले, पण परक्या गावात, जावयाच्या आधारावर राहणाऱ्या सासऱ्याचा शब्द तो किती चालणार?

तिकडे गोठ्यात गाईने आणि वासराने चारा सोडला. पाणी तोंडाला लावले नाही. बहिणाबाईंनी पतीला विनवले की मला त्यांच्याजवळ जाऊ द्या. ती गेली, पण वासरू उठले नाही. दोनचार दिवसांत ते गेले. त्याच्या शेवटच्या क्षणी जवळच्या ब्राह्मणाने मुक्याला वाचा देणाऱ्या परमेश्वराचा श्लोक म्हटला आणि वासराने त्याचा उत्तरार्ध पुरा केला, अशी परंपरा आहे. आपण श्रद्धेने ती मानतो. माझे एवढेच म्हणणे आहे की वासरू बोलले हा चमत्कार सांगताना, ज्या घरात माणसांना बोलता आले नाही तिथे ते बोलले, हे सांगायचे राहू नये. चमत्काराचे वजन तिथे आहे.

वासराच्या मागे बहिणा शुद्ध हरपून पडली. चौथ्या दिवशी तिला थोडी जाग आली. पुढे कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला अनुग्रह दिला. तिने तुकोबांना पाहिलेले नव्हते. अभंग तेवढे ऐकले होते. म्हणजे पहा, आपल्या परंपरेतल्या एका थोर संत स्त्रीचा परमार्थ एका वासराच्या ओढीतून, मारातून आणि त्या वासराच्या मरणातून पुढे सरकला आहे. कोणी म्हणेल, ही आसक्तीच, जडभरताने हरिणाचे पाडस सांभाळले आणि जन्म घेऊन बसला तशी. भागवतातली जडभरताची कथा ज्याची त्याने आठवावी. भरत राज्य आणि संसार सोडून वनात गेला होता, आणि तिथे त्याने पुन्हा नवा संसार मांडला. बहिणेने काही सोडलेच नव्हते. तिला सोडायला होते तरी काय? तिच्या वाट्याला आलेल्या घरात जेवढे प्रेम सापडले तेवढे तिने धरले, आणि ते धरून ती कीर्तनाला गेली. दोन्ही कथांना एकच फूटपट्टी लावणाऱ्या व्याख्यात्यांनी थोडे थांबावे असे मला वाटते.

पुढे घरात काय झाले? तुकोबांचे स्वप्न म्हटल्यावर गंगाधरपंतांचा संताप आणखी वाढला. जातीने शूद्र, वाणी, त्याला गुरू करायचे? त्यांनी बायकोला टाकून निघून जायचे ठरवले. निघायच्या वेळी त्यांना ताप भरला. तो लवकर उतरेना. बहिणेने रात्रंदिवस सेवा केली. आजारात त्यांना आपल्या वागण्याचा पश्चात्ताप झाला, आणि ज्या तुकोबांची त्यांनी निंदा केली होती त्यांच्याच दर्शनाला सारे कुटुंब देहूस निघाले. गायही बरोबर होती. वासरू मागे कोल्हापूरच्या मातीत राहिले, गाय देहूपर्यंत चालत गेली.

सेवा केली म्हणून नवरा सुधारला, तर सुनांनो, तुम्हीही सोसा, असा अर्थ ह्या प्रसंगातून काढणारे प्रवचनकार मी ऐकले आहेत. मला तो पटत नाही. बहिणाबाईंनी पुढे पतिव्रता धर्मावर अभंग लिहिले हे खरे. त्या त्यांच्या काळातल्या होत्या. पण त्याच बाईने मार कोणी दिला, का दिला, कसे बांधले, हे लिहूनही ठेवले. झाकले नाही. नवऱ्याचे पुढचे चांगले वागणे लिहिले, आणि आधीचेही लिहिले. तुम्ही मंडपात बसता तेव्हा शेजारी बसलेल्या लेकीसुनेच्या दंडाकडे एकदा पाहावे. घरी परतायला उशीर झाला म्हणून तिला काय ऐकावे लागते तेही विचारावे. माळ घातलेल्या घरीही हे घडते, हे आपल्याला ठाऊक आहे.

देहूत दुसरा अध्याय घडला. तिथे मंबाजी होता. तुकोबांचे वैर त्याने कसे केले ते आपणास पाठ आहे. तुकोबांच्या सासऱ्यांनी दिलेली म्हैस मंबाजीच्या बागेत शिरली, त्यावरून काटेरी फोकांनी तुकोबांना मार बसला, ही हकिकत महिपतिबुवांनी सांगितली आहे. (महिपती 1715 ते 1790, ताहराबादचे, तेही घरप्रपंच करून चरित्रे लिहिणारे.) ह्या मंबाजीने बहिणाबाईंच्या कुटुंबाला आपल्याकडे ओढून पाहिले. ब्राह्मण असून वाण्याला गुरू केला, हा त्याचा राग. ते ऐकेनात तेव्हा त्याने त्यांची गाय नेली, घरात कोंडली आणि बेदम मारली. इकडे सारे गाय शोधीत फिरतात, आणि तिकडे तुकोबांच्या पाठीवर वळ उठले. पुढे मंबाजीच्या घराला आग लागली, लोक विझवायला धावले तेव्हा आतून गाईचे हंबरणे ऐकू आले, आणि गाय बाहेर काढली. तिच्या पाठीवरचे वळ आणि तुकोबांच्या पाठीवरचे वळ सारखेच होते.

भाविकाला ह्यात एकात्मता दिसेल. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर आणखी एक दिसते. त्या काळी गरीब कुटुंबाला दुखवायचे असेल तर त्याच्या गाईम्हशीला हात लावीत. जनावर हीच त्यांची मिळकत, तीच त्यांची लेक. तुकोबांच्या घरी दुष्काळात काय झाले ते ठाऊक आहे ना? गुरेढोरे गेली, थोरली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला. ज्याच्या दाराशी हे सगळे मेले त्याच्या पाठीवर परक्या गाईचे वळ उठले, ह्यात मला नवल वाटत नाही. आणि जिजाई? तिला आपण उगाच कजाग ठरवून ठेवले आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी ती बाई घरी गाईम्हशी, मुले आणि येणारा पाहुणा सांभाळून चढत असे. एका दिवसाच्या पायपिटीने आपले गुडघे बोलू लागतात.

देहूतच बहिणाबाईंना मुलगी झाली, काशीबाई. नंतर मुलगा विठोबा. इथून त्यांच्या आत्मनिवेदनाचा सूर निवळत जातो. घर तेच, नवरा तोच, गरिबी तीच, पण स्वयंपाकात, पाळण्याशी, गोठ्यात नाम चालू आहे. शरीर कामात आणि चित्त देवाशी, हे त्यांनी तत्त्व म्हणून सांगितले त्याच्या आधी करून पाहिले होते. ह्याच बाईंनी वज्रसूची उपनिषदाचा आशय मराठी अभंगांत आणला आणि ब्राह्मण कोण ह्या प्रश्नाची चिरफाड केली. ज्या घरात ह्या प्रश्नावरून मार खाल्ला, त्याच घरात बसून.

आपल्या नागपूर प्रांताला हे गोत नवे नाही. आपला पोळा घ्या. आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी, दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, आणि घरोघरी पुरणाचा नैवेद्य. त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तो भोसल्यांनी, दुसऱ्या रघूजीराजांनी 1806 साली सुरू केला असे मानतात. लेकरांनी लाकडाचे बैल सजवून ओढत न्यायचे, घरोघरी बोजारा मागायचा. राजाने मुलांसाठी सण काढावा आणि तो दोनशे वर्षे टिकावा, ही मला मोठी गंमत वाटते. लाकडाच्या नंद्यापुढे कुटार टाकणारे लेकरू पाहिले की बहिणेचे वासरू आठवते.

पण आता कुही तालुक्यात खरा बैल कमी झाला आणि लाकडाचा वाढला. वैनगंगेवर गोसीखुर्द झाले, त्याच्या पाण्यात आपली गावे गेली. अंभोऱ्याला, जिथे मुकुंदराजांनी विवेकसिंधू लिहिला असे आपण मानतो, तिथेही आता पाणी लांबवर पसरलेले दिसते. पुनर्वसनाच्या गावठाणात माणसाला प्लॉट मिळाला. गोठ्याला जागा आणि गुरांना चराई तेवढी मिळाली नाही, असे तिथले म्हातारे सांगतात. अनेकांनी गुरे विकली. जंगलाच्या बाजूला तर वाघाची भीती. मिरचीचे वावर आता ट्रॅक्टरने नांगरतात. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. घरातले एक माणूस कमी झाले, एवढेच सांगतो.

त्याच्या जागी कोणाकडे कुत्रे आले, कोणाकडे मांजर. शिकलेल्या मुलांच्या घरी, फ्लॅटमध्येही. मागे एका माळकऱ्याने मला विचारले, बुवा, नातीने कुत्र्याचे पिलू आणले आहे, घरात हरिपाठ होतो, सोवळे कसे राहील? मी म्हटले, नामदेवांना हा प्रश्न पडला असता तर ते तुपाची वाटी घेऊन धावले असते का? तो हसला. पिलू राहिले. हरिपाठाच्या वेळी ते दाराशी बसते म्हणे. नात हरिपाठाला बसते ती आधी त्याच्यासाठीच बसायची.

बहिणाबाईंचा शेवट शिऊरला झाला. अंतकाळ जवळ आला तेव्हा मुलगा विठोबा घरी नव्हता. त्याला पत्र पाठवून बोलावून घेतले, आणि तो येताच त्यांनी आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत त्याला सांगितली. आयुष्यभर जे घर सांभाळले त्याच घरात, मुलाला जवळ बसवून, आईने लेकराला सांगावे तसे. शिऊर आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात आहे. तिथे त्यांची समाधी आहे. पंढरीच्या वाटेने जाणारे आपल्याकडचे फार थोडे लोक तिकडे वळतात. जमेल त्यांनी वळावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी वसुबारसेला, गाय ओवाळून झाली की, आत्मनिवेदनातला हा कोल्हापूरचा भाग घरात मोठ्याने वाचावा. वाचायला सुनेला बसवावे, आणि पुरुषांनी ऐकावे. मारण्याचा प्रसंग आला की पान उलटू नये.

घरी गाय नसेल तर शेजाऱ्याची चालेल.